बंगल्यावरची हजेरी

नका नका, हात नका लावू त्यांना, भाऊ — चक्कर नाही आली, पडलेही नाहीत, आपणहून बसलेत — वडील आहेत माझे. पाणीबिणी नको. बाजूला सरा जरा — नाही, थांबा, जाऊ पण नका, तुमच्याकडेच बघताहेत ते. तुमच्या बुटांकडे. 'भिकन हजर, साहेब' — असंच म्हणाले ना? म्हणजे तुम्हीही ऐकलंत. मला वाटलं, मलाच भास झाला.

चांगले होते हो आत्तापर्यंत. धरणगावहून सकाळच्या एसटीनं आलो धुळ्याला, बागेत हिंडले, कारंज्यापाशी उभे राहिले, नातीची चौकशी केली. नात म्हणजे यमू, माझी मुलगी, चित्रकला शिकते — तिची चित्रं लागलीत ना आत. म्हणाली, आई, आबांना आणच. मी भीत होते. पण म्हटलं, जुना बंगला राहिलाय कुठं आता — बाग केली, रंग दिला, पुढच्या खोल्यांत चित्रं, मागं नाटकाचं स्टेज — नाही ओळखायचे. आणि या व्हरांड्याच्या पायरीशी आले, चपला काढल्या, बसले उकिडवे. हात डोक्यावर.

कसली हजेरी? अहो — इथं पोलिसांचा गोरा साहेब राहायचा. आमची वस्ती तेव्हा इथं धुळ्यातच — तिथल्या बाप्यांनी रोज संध्याकाळी इथं येऊन बसायचं. चोरी केली म्हणून? छे. जात चोरांची ठरवलेली, कायद्यानंच — पाळण्यातलं पोरही चोर. साहेब चहा प्यायचा, मग बाहेर यायचा, एकेकाचं नाव घ्यायचा, 'जा' म्हणाला की उठायचं. त्याआधी उठला तर तुरुंग. एकदा साहेब विसरला. आत पाहुणे होते, गाणंबजावणं चाललं होतं, आणि आबा इथं बसलेले. उजाडल्यावर घरी आले तेव्हा मी झाले होते, आणि आई नव्हती.

तुम्हाला कशाला सांगतेय मी हे? हळू बोलते हं — यमूला यातलं काही ठाऊक नाही. तिला सांगितलंय, आबा साहेबाकडे माळी होते. तिनं तसंच चित्र काढलंय, दारातून आत गेलं की समोरच — हातात झारी, डोक्याला फेटा, हसताहेत. सोयरीक जमवायची आहे तिची, शेजारीपाजारी आहेत — काय सांगणार होते मी?

म्हणून म्हणते भाऊ, एवढं करा. या बुटांत साहेबासारखे दिसता तुम्ही त्यांना. नुसतं म्हणा, 'भिकन, जा.' मी म्हटलं तर ऐकत नाहीत, बघितलंत ना. लोक जमायला लागलेत. म्हणा ना. का नाही म्हणवत? शिवी थोडीच आहे — तोंड का फिरवता — दोन शब्द फक्त —

यमू! कधीपासून उभी आहेस दारात? सगळं — सगळं ऐकलंस?

यांनी नाही म्हणायचं 'जा'? मग कोणी म्हणायचं, बाई? अगं, कुठं चाललीस — तिथं नको, यमू, नको बसू तिथं — बसली. बसली हो, भाऊ, त्यांच्या शेजारी. तशीच उकिडवी. डोक्यावर हात घेतले पोरीनं.

यमू, ऊठ! नाही ऐकत. हट्टी आहे, पहिल्यापासून — थांबा, भाऊ, तुम्ही बोलू नका आता. आबांनी मान वळवली. तिच्याकडे बघताहेत.

'तू काब्रं बठनी आठे?' — ऐकलंत? तिला विचारताहेत, तू का बसलीस इथं. 'तुनं नाव नई शे आठे! ऊठ!' — तुझं नाव नाही म्हणताहेत इथल्या हजेरीत. केवढ्यानं ओरडले! कधी आवाज चढवला नाही हो त्यांनी नातीवर. दंड धरला तिचा. ओढताहेत. ती हलत नाही. पुन्हा ओढताहेत, पायरीला हात टेकला — पडतील, आई गं —

उभे राहिले.

उभे राहिले, भाऊ. तिला उठवायला. बघा, धरून उभी केली तिला, पदराची धूळ झटकताहेत, अजून रागावताहेत —

सरा, भाऊ. वाट द्या. आम्हाला आत जायचंय.