एका थराचा संशोधक

आमच्या मेहुण्याचं सांगायचं राहिलंच की! एका अणूएवढ्या पातळ थरातून उष्णता कशी पळते, यावर तो डॉक्टरेट करतोय आणि हे तो कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

मांद्र्याला त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो. तिच्या वडिलांनी फक्त विचारलं, "वाटेत त्रास नाय मा झालो?"

झालं, हा सुटला. "एकच थर असला की उष्णता सुसाट पळते. थर वाढले की मंदावते."

तेवढ्यात मुलीने चहाचं टोप आणून ठेवलं. "द्या, मी ओततो," म्हणत याने ऐटीत एकपदरी फडक्याने ते उचललं आणि किंचाळला. अर्धा चहा वडिलांच्या पायावर.

मुलीने शांतपणे फडक्याची चौपदरी घडी घातली, उरलेला चहा ओतला नि म्हणाली, "तुमचे थर वाढले की कळवा हां."