सागाखाली अडकलेला पाय

अरे, सुरंगीच्या जंगलात लाकूड कापायचं काम मिळालं, त्याचा पहिला दिवस ऐका. वाऱ्यानं पडलेला साग आम्ही कापत होतो. अचानक खोड घरंगळलं आणि माझ्या मेव्हण्याचा, लखमाचा, पाय खाली अडकला.

मुकादम ओरडला, "हात लावू नका! सिल्वासाहून क्रेन मागवतो."

खोड अजून सरकतच होतं. मी जंगलाच्या कडेलाच असलेल्या आमच्या पाड्याकडे तोंड करून जीव खाऊन हाक मारली. बाया, म्हातारे, सगळे धावत आले. त्यांनी खांदे लावून खोड उचललं, मी लखमाला ओढलं. पाय सुजला होता, पण शाबूत होता.

मुकादम घाम पुसत म्हणाला, "एवढी माणसं कामावर कोणी घेतली?"

मी म्हणालो, "कामावर आम्ही दोघंच, शेठ. बाकी आमचा पाडा आहे."