टाकीच्या झाकणाचं भोक

गॅरेजच्या बाकावर मी माझ्या गाडीची वाट बघत बसले होते. समोर एका जुन्या स्कूटरपाशी सासू, सून आणि मिस्त्री उभे होते.

"ताई, इंजिन खोलावं लागणार. आठवडा जाईल."

"अहो, दहा मिनिटं चालते, बंद पडते. जरा थांबलं की पुन्हा चालते. यात इंजिनाचा काय दोष?"

"वीस वर्षं हेच करतोय मी."

"अगं, करू दे त्यांना. म्हणून तर तुला ओढत आणलं इथे."

"आई, मागच्या वेळी प्लग कोणी बदलला?"

"तूच. आणि ब्रेकही तूच आवळलास. तेव्हापासून मागे बसले की माझे पाय जमिनीला टेकायच्या तयारीत असतात."

"मिस्त्री, टाकीच्या झाकणाला हवेचं भोक असतं ना? ते बुजलं, तर पेट्रोल खाली उतरणार कसं?"

"छे हो, ताई!"

"आई, पिन आहे?"

"ही घे. पण जपून."

झाकण टोकरून सून चक्कर मारायला गेली, ती वीस मिनिटांनी स्कूटर चालवतच परतली.

"मानलं, ताई. आधी झाकणच बघायला हवं होतं मी. पण ब्रेकला हात लावू नका. मागचा तर नुसता नावाला आहे."

"खरंच? मग तो तुम्हीच करा."

"करतो. तोवर ती कोपऱ्यातली निळी स्कूटर बघता का? चार दिवस छळतेय मला."

"आई, थांबाल जरा?"

"थांबते की! मिस्त्री, आमच्या सूनबाईला पाना चांगला द्या हो, घरचा पार झिजलाय."