रेफ्री कुणाचाच नसतो

मला सांगा, सत्तेचाळिसाव्या वर्षी एखाद्या बाईला शिट्टी वाजवायला शिकायचं असेल, तर तिनं ती वाजवायची कुठं? नाही, खरंच सांगा! घरात वाजवली तर शेजारची साखरबाई भिंतीवरून डोकावते, "वहिनी, कुकर उतरवा, डाळ करपंल!" उसाच्या कडेला जाऊन वाजवली तर बिबट्या आला म्हणून चार माणसं काठ्या आणि फटाके घेऊन धावत येतात. शेवटी म्हटलं, दौंडच्या स्टँडवर एवढा गोंगाट असतो, तिथं कोण ऐकतंय! म्हणून तोंडात धरून हळूच फुंकली... तर फलाटावरची एसटी मागे यायला लागली! ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरच शिट्टी देतोय, घे मागं, घे मागं! आणि मागे भेळेची गाडी. भेळवाला ओरडतोय, मी ओरडतेय, आणि ओरडायचं तर आधी तोंडातली शिट्टी काढावी लागते हे मला सुचेना, त्यामुळे मी जितकी ओरडतेय तितकी गाडी आणखी मागे येतेय!

आणि हे सगळं कशासाठी? तर फुटबॉलसाठी. हसा, हसा, माझी हरकत नाही. आमच्या घरी तर कुणी हसलंसुद्धा नाही.

तुम्हाला सांगते, आमच्या या बाजूला कंपन्या आल्या, कोरेगाव भीमापासून इकडे सगळीकडे. पोरं आठवडाभर शिफ्ट करतात आणि रविवारी फुटबॉल खेळतात. अगदी हौसेपुरतं हं. जिंकलं तरी भजी, हरलं तरी भजी. पण भांडणं अशी, की जणू बांधावरून जमीन चाललीय! आणि रेफ्री व्हायला कुणी तयार नाही, कारण दोन्हीकडच्या शिव्या एकट्यानं खायच्या. म्हणून दौंडला वर्ग काढला होता, सहा शनिवार. वयाची अट नाही, बारावी पास. तो मेसेज आमच्या सार्थकनं घरच्या ग्रुपवर टाकला. सार्थक म्हणजे माझा मुलगा, पुण्यात असतो, रविवारी फोन करतो, "आई, बरी आहेस ना, ठेवतो." मला काय वाटलं, पोराला आईची आठवण झाली, आई दिवसभर एकटीच असते म्हणून त्यानं मुद्दाम पाठवलं! मी लगेच नाव दिलं. शिरूरला जाऊन ट्रॅकसूटसुद्धा आणला. दुकानदार म्हणतो, "मुलगा किती उंच आहे?" म्हटलं, "माझ्याएवढा." खोटं कुठं बोलले? आणि रविवारी सार्थक म्हणतो, "आई, तो मेसेज माझ्या मित्राला, विश्वजीतला पाठवायचा होता गं, चुकून तिकडे पडला." म्हटलं, असू दे. पडला तर पडला.

आमच्या ह्यांना सांगितलं. हे सोसायटीच्या निवडणुकीत. मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले, "हं." मी म्हटलं, "अहो, मी रेफ्री होणार." "हं, होऊ दे." उद्या मी म्हटलं असतं की मी चंद्रावर जाते, तरी हे म्हणाले असते, जाताना गेट लाव.

तर पहिला शनिवार. बारा तरुण पोरं आणि दोन बाया. पृथ्वीराज सर शिकवायला, माझ्या सार्थकपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील, पण आवाज असा की दौंड जंक्शनची घोषणा! पहिलंच वाक्य काय? "लिहून घ्या. मैदानात उतरलात की तुम्हाला गाव नाही, भावकी नाही, मित्र नाही. रेफ्री कुणाचाच नसतो!"

मी वहीत लिहिलं. आणि मनात म्हटलं, सर, यात शिकवायचं काय आहे? हे तर मी येतानाच शिकून आलेय.

आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "ए नीलम, इथं बस की! तिथं ऊन लागतंय."

मी इकडेतिकडे बघितलं, नीलम कोण म्हणून! तुम्ही हसाल, पण लग्न झाल्यापासून मला नुसतं नावानं हाक मारणारं कुणी राहिलं नव्हतं हो. वहिनी, काकू, सार्थकची आई, जयसिंगरावांची मंडळी... नीलम म्हणून कुणी आहे हे मीसुद्धा विसरले होते, फक्त आधार कार्डवर उरली होती. ही राबिया. दौंडची. शाळेचे गणवेश शिवते. तिचा मुलगा अक्रम दुबईला कामाला गेलाय, आणि फोनवर सारखं फुटबॉलच बोलतो. "मला काय कळतच न्हाई गं तो काय म्हनतो ते," राबिया म्हणाली, "मी नुसतं व्हय व्हय करते. म्हटलं शिकून घ्यावं, म्हंजी दोन मिन्टं जास्त तरी बोलंल." मग बसलो की आम्ही एका बाकावर. तिचा डबा मी खायचा, माझा तिनं. तिच्या मेथीला काय चव, आणि माझ्या शेंगदाण्याच्या चटणीवर तर ती जीव टाकायची. सरांना ऑफसाइड शिकवायला तीन फळे भरावे लागले, पोरांना कळेना, राबियानं एका वाक्यात सांगितलं, "पंगत बसायच्या आधीच जो जाऊन लाडवापाशी उभा ऱ्हातो, तो ऑफसाइड." सरांनी फळा पुसून टाकला!

चुका काय कमी केल्या मी? सरावाच्या मॅचला आमच्याच मांडवगणचे हौसराव खेळायला. वय बासष्ट, गुडघ्याला पट्टा, आणि नात्यानं माझे चुलत सासरे! त्यांनी भर मैदानात एका पोराचा शर्ट धरून ओढला. आता पिवळं कार्ड दाखवायला हवं. मी जवळ गेले, हात आपोआप पदराकडे गेला, आणि पदर कुठला, ट्रॅकसूट! मग टोपी पुढे ओढली, खाली मान घातली, दोन्ही हातांत कार्ड धरलं आणि म्हटलं, "मामंजी, पिवळं आहे." आणि त्यांनी ते घेतलं हो! घेतलं आणि खिशात घातलं! "असू दे सूनबाई, तू दिलंस तर न्हाई कशाला म्हनू." पुढच्या फाउलला माझ्याकडे कार्डच नाही! सर डोक्याला हात लावून, "मॅडम, कार्ड दाखवायचं असतं, वाटायचं नसतं! हळदीकुंकू आहे का?" आणि राबिया मैदानाबाहेर पोट धरून लोळतेय. मीही हसले. किती दिवसांनी हसले कुणास ठाऊक, गाल दुखले माझे.

सर म्हणाले, "तुम्ही फार मऊ आहात मॅडम. परीक्षेत मऊपणाला मार्क नाहीत. एक, मॅचआधी कुठल्याच टीमचं काही घ्यायचं नाही. शाल नाही, नारळ नाही, पाण्याचा घोट नाही. दोन, निर्णय एकदाच द्यायचा, कारण द्यायचं नाही. कारण दिलं की वाद सुरू." दुसरा नियम ऐकून मला वाटलं, आमचे हे किती वर्षं रेफ्री आहेत आणि मला पत्ताच नाही! पण लिहून घेतलं मी. रोज सकाळी वही वाचायची. कसंही करून पास व्हायचं होतं मला, आणि खरं सांगू, पास झालं की आम्हा दोघींची जोडी लागणार होती. मी मध्ये शिट्टी घेऊन, राबिया कडेला निशाण घेऊन, दर रविवारी. दर रविवारी हो! पुढचे सगळे रविवार मी मनात मांडून ठेवले होते.

परीक्षा राहू गावाला. सरांनी मॅच मुद्दाम निवडली. एका बाजूला कोरेगाव भीमाच्या कंपनीतली पोरं, त्यात आमच्या भावकीतला ज्ञानेश, माझा पुतण्या. दुसऱ्या बाजूला चांदभाईंच्या गॅरेजची टीम, आणि चांदभाई म्हणजे राबियाचा सख्खा भाऊ. "बघू," सर म्हणाले, "कोण कुणाचं निघतं ते. लक्षात आहे ना? रेफ्री कुणाचाच नसतो!"

चांदभाईंचं घर मैदानाला लागूनच. राबिया आदल्या दिवशीच माहेरी येऊन राहिलेली. आणि तिनं घरात सांगून ठेवलं होतं, माझी मैत्रीण येणार आहे. मैत्रीण! मला काय माहीत? मी मैदानात उभी, गळ्यात शिट्टी, खिशात कार्ड, यावेळी दोन-दोन घेतलेली, मागे सर कागद घेऊन मार्क द्यायला, दोन्ही टीम रांगेत, गावातली शंभर माणसं कडेला... आणि खुर्शिदभाभी, चांदभाईंची बायको, हातात ट्रे घेऊन चालत आली. काचेच्या कपाटातले सोनेरी काठाचे कप काढलेले. आलं, वेलची, वास असा की मॅच राहू दे म्हणावं! डोक्यावरची ओढणी सावरत माझ्यापुढे उभी राहिली, "घ्या ना ताई. राबियानं लई सांगितलंय तुमचं."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? म्हणायला हवं होतं, भाभी, मॅच झाली की दोन कप पिते, आत्ता सर मार्क कापतील. एवढंच! अर्ध्या मिनिटाचं बोलणं! पण डोक्यात वही. काही घ्यायचं नाही. कारण द्यायचं नाही. मी ताठ उभी राहिले, हात आडवा केला, अगदी सरांनी शिकवलेला, आणि मोठ्यानं म्हटलं, "नाही!"

शंभर माणसं आमच्याकडे वळून बघायला लागली हो.

भाभीच्या हातातले कप किणकिणले. कडेला राबिया निशाण घेऊन उभी, तिचा चेहरा मी बघितला... आणि मग माझ्या लक्षात आलं, की शंभर माणसांसमोर मांडवगणच्या पाटलांच्या घरची बाई चांदभाईंच्या घरच्या चहाला नाही म्हणाली. आमच्या सासूबाई गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा कप ठेवायच्या, अशा येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. मी तो कप कधीच फेकून दिलाय. पण हे मैदानावर कुणाला माहीत? आणि आणखी एक सांगू? तुमच्यापासून काय लपवायचं... नाही म्हणायच्या आधी मी एकदा ज्ञानेशकडे बघितलं होतं. का बघितलं, मला नाही माहीत. रोज विचार करते.

सरांनी घड्याळ दाखवलं. मी शिट्टी वाजवली.

आणि मॅच घेतली म्हणून सांगते! एवढं धावले, एवढं धावले, की थांबले असते तर रडले असते. ज्ञानेशनं मागून पाय घातला, मी पिवळं काढलं. "काकू, मी हाय!" म्हटलं, "दिसतंय." चांदभाईंच्या पोरानं चेंडूला हात लावला, पेनल्टी दिली. "वैनी, चुकून लागला वो!" ऐकलं नाही. राबियानं जिथं जिथं निशाण वर केलं तिथं तिथं मी शिट्टी दिली, एकही निशाण तिचं चुकलं नाही, आणि एकदाही तिनं माझ्याकडे बघितलं नाही. निशाणाकडे बघायची. एक-एक बरोबरी झाली. दोन्हीकडून शिव्या, अगदी सारख्या वाटून.

सर धावत आले, "मॅडम! शंभरातले नव्वद! त्या चहाला नाही म्हणालात ना, त्याचेच दहापैकी दहा! बघा रे पोरांनो, याला म्हणतात रेफ्री. रेफ्री कुणाचाच नसतो!" आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी तशीच घामाघूम चांदभाईंच्या दारात. म्हटलं, "भाभी, द्या आता चहा, नियम होता हो आमचा, सरांना विचारा..." कप धुऊन पालथे घातलेले. खुर्शिदभाभी म्हणाली, "आसू द्या ताई, आता उन्हाचा कशाला." इतकं गोड बोलली! ओरडली असती तर बरं झालं असतं. राबिया चूल सारवल्यासारखी एकच जागा पुसत बसलेली. मी म्हटलं, "राबिया, तुला तर माहितीय ना नियम? तूसुद्धा लिहून घेतलाय!"

ती म्हणाली, "माहितीय. नियम मला माहितीय. पर भाभीला काय माहिती? माज्या डब्यातलं खाल्लंस, तवा तिथं कोन बघत न्हवतं. आज चार लोकं बघत व्हती. मी त्यांना काय सांगू, माजी मैत्रीण हाय म्हनून?"

सहा शनिवार मी कारण न देण्याचा सराव केला होता, आणि जेव्हा द्यायचं होतं तेव्हा तोंडातून एकसुद्धा निघेना. ज्ञानेशनं गाडीवर सोडतो म्हटलं होतं, तो पिवळ्या कार्डाच्या रागात कधीच निघून गेलेला. सर्टिफिकेट छातीशी धरून मी एसटीची वाट बघत उभी राहिले. घरी गेले, ह्यांना सांगितलं, "पास झाले." "हं." सार्थकला सर्टिफिकेटचा फोटो पाठवला, त्यानं अंगठा पाठवला. म्हटलं, चला, तीन घरांत मिळून आज माझ्या बाजूनं एक अंगठा तरी उभा आहे. सर काही चुकीचं शिकवत नाहीत हो. त्यांना फक्त एवढं माहीत नाही, की रेफ्री कुणाचाच नसतो हे वाक्य मॅच संपल्यावरही संपत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन गाड्या बदलून राहूला गेले आणि खुर्शिदभाभीच्या हातचा दोन कप चहा प्यायले. राबिया पहिल्याच एसटीनं दौंडला निघून गेली होती.