शिक्क्याची पावती

परदेशात नव्यानेच आलेल्या नर्सबाईंना वीजबिलाच्या रांगेत पुढून मराठी ऐकू आलं आणि त्यांनी कानातले हेडफोन काढले. नवरा-बायको होते.

“अख्खं जग फोनवर बिल भरतं, आणि तुम्ही सुट्टी टाकून रांगेत!”

“फोन शिक्का मारून पावती देतो का?”

“शिक्क्याचं काय लोणचं घालायचंय?”

“परका मुलुख आहे. उद्या म्हणाले भरलंच नाही, तर?”

“कसे म्हणतील? मार्चपासून बिल बँकेतून आपोआप जातंय. मीच चालू केलंय.”

“मग मी मार्चपासून इथे रोख काय भरतोय?”

“तेच विचारायला आलेय! कपाळ माझं!”

“अगं, सांगायचंस तरी.”

“सांगितलं होतं. तुम्ही पावत्या फायलीत लावत होतात.”

त्यांचा नंबर आला. खिडकीतल्या बाईने पैसे परत मिळण्याचा अर्ज भरून घेतला, जादा पैसे पंधरा दिवसांत खात्यात येतील म्हणाली आणि पुढच्याला हाक मारली. नवरा मान खाली घालून वळला.

“चल, झालं काम.”

“झालं काय? हलू नका इथून. तिला म्हणावं, आधी अर्जाच्या कॉपीवर शिक्का मारून दे.”