गुडघ्यात लाइनच नाही

नाही नाही, तुम्हीच सांगा, हा काय न्याय झाला? उभा जन्म लोकांच्या घरात पाणी पोचवण्यात गेला माझा... चौथा मजला म्हणू नका, गच्चीवरची खोली म्हणू नका, बाकीच्या प्लंबरांनी जिथे हात टेकले तिथे मी पाणी चढवलं! आणि माझ्या स्वतःच्या गुडघ्यात? लाइनच नाही म्हणे!

झालं काय, टाकी धुऊन शिडीवरून उतरत होतो. शेवटची पायरी समजून पाय टाकला, ती शेवटची नव्हती. गुडघ्यात कट्‌कन आवाज, आणि मी खाली! आता आमचा धंदा, तुम्हाला सांगतो, उकिडवं बसण्याचा. सिंकखाली, बेसिनखाली, जिथे मांजरसुद्धा शिरायचं टाळतं तिथे. उकिडवं बसता येत नसेल तर हा पाना काय कपाळावर मारून घेऊ? म्हणून गेलो डॉक्टरीणबाईंकडे.

त्यांनी गुडघ्याचे फोटो काढले, उजेडात धरले. "काका, हाडांच्या टोकाला गुळगुळीत गादी असते, तिला कूर्चा म्हणतात. तिचा टवका उडालाय." म्हटलं, भरून येईल की! परवा बोट कापलं, भरलं ना? तर म्हणतात, "बोटात रक्तवाहिन्या असतात, कूर्चेत नसतात." नसतात म्हणजे? "एकसुद्धा नाही." अहो, मग ती जगते कशावर? "सांध्यातल्या द्रवातून झिरपेल तेवढ्यावर." ऐकलंत? झिरपेल तेवढ्यावर! एखादं गिऱ्हाईक असं म्हणालं असतं तर त्याच दिवशी पाइप खांद्यावर टाकून गेलो असतो मी... आणि इथे इतकी वर्षं लाइनच नाही म्हणे!

"मग टाका ना एखादी," म्हटलं. बाई हसल्या. "ती टाकू देत नाही, काका. स्वतःच असं काही सोडते की रक्तवाहिनी जवळ आली तरी माघारी फिरते." घ्या! आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा आहेत. भिंतीला भोक पाडू देत नाहीत, छिन्नी दिसली की काठी घेऊन दारात उभे! डिट्टो तोच स्वभाव, आणि तो माझ्या गुडघ्यात? "पण तिला एवढा राग का?" "रक्तवाहिन्या आत शिरल्या की कूर्चेचं हाड व्हायला लागतं. मुलांची हाडं वाढतात ती तशीच. पण तुमच्या वयात सांध्यात शिरल्या, की गुळगुळीतपणा जातो आणि ठणका सुरू होतो." म्हणजे लाइन दिली तर वाट लागणार, नाही दिली तर टवका भरणार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

मग बाईंनीच तोड काढली. "टवक्याखालच्या हाडाला बारीक भोकं पाडू. रक्त वर येईल, तिथे गोठेल, त्यातून हळूहळू कामचलाऊ कूर्चा तयार होईल. अस्सल नाही हं." अहो, म्हणजे शेजारच्या हाडातून चोरून कनेक्शन! एवढी शिकलेली बाई, पण... मला भलताच आदर वाटला हो त्यांच्याबद्दल. ऑपरेशन झालं. "मी सांगेपर्यंत या पायावर भार द्यायचा नाही," असं दहादा बजावून त्यांनी घरी सोडलं.

आता माझी एक पद्धत आहे. काम झालं की पाणी पूर्ण दाबाने सोडायचं, जोडाखाली हात धरायचा, कोरडा लागला तरच गिऱ्हाइकाचा उंबरा ओलांडायचा. आणि इथे एवढं मोठं काम झालं, तर टेस्ट करायचं कुणी नावच घेईना! डोक्यात किडा वळवळायला लागला... बायको बाहेर गेल्याची संधी साधली, कुबड्या भिंतीला टेकवल्या, आणि बसलो. उकिडवा. पूर्ण दाबाने.

काय सांगू, डोळ्यांपुढे काजवे! बायको आली तेव्हा मी जमिनीवर आडवा. "अहो, प्लास्टिकचा पाइप चिकटवलात की लोकांना काय बजावता? उद्यापर्यंत नळ सोडू नका! आणि स्वतःच्या बाबतीत?" डॉक्टरीणबाईंनी पुन्हा फोटो काढला आणि नुसता सुस्कारा सोडला. "धरलेलं सगळं उखडलं, काका. चालाल, फिराल... पण उकिडवं बसणं आता विसरा." खोटं कशाला सांगू, रडलो मी. तिथेच, सगळ्यांसमोर.

बायकोने माझी हत्यारांची पिशवी उचलली. इतकी वर्षं माझ्याशेजारी बॅटरी धरून सगळं काम बघितलेलं तिने. "मी शिरते खाली, तुम्ही स्टुलावर बसून सांगा." सांगायचो! "डावीकडे फिरव... अगं, हळू!" आठवडाभरात सिंकखालून आवाज आला, "कळतंय मला, गप्प बसा." गप्प बसलो. म्हटलं, बसू दे हात तिचा, गिऱ्हाइकं शेवटी माझीच आहेत.

काल फोन वाजला. जुनी गिऱ्हाईकबाई. "काका, बेसिन तुंबलंय हो." म्हटलं, आत्ता निघतो! तर म्हणते, "नाही, म्हणजे... तुम्ही कशाला उगाच त्रास घेता? काकू आहेत का घरात?"

आहेत म्हटलं. दिला फोन!