विहिणीचं दुखणं

कार्यक्रमाचे अध्यक्ष माननीय प्रेमानंदजी, आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर वैरागडेसाहेब, सौ. वहिनी आणि रामदासपेठेतल्या आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या बंधू-भगिनींनो,

साहेब दवाखाना बंद करताहेत, तेव्हा पेशंटांच्या वतीने दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. मघाशी मानपत्रात ‘अचूक निदान’ हे शब्द आले आणि मागच्या रांगेतल्या बायका हसल्या. काहून हसल्या, सांगू?

साहेबांच्या दवाखान्यात पाटी होती, ‘मोबाईलवर वाचून आलेल्यांनी औषधही मोबाईललाच मागावे.’ आता आम्ही म्हातारे काय काय वाचतो, ते मलाही ठाऊक आहे. कारल्याच्या रसाने कॅन्सर पळवणारे महाभाग याच सभागृहात बसलेत, नावं घेत नाही. पण त्या कचऱ्यात एखादी कामाची गोष्टही असते. ती साहेबांना सांगायची कशी? मग आम्ही युक्ती काढली. वाचलं असं म्हणायचंच नाही. ‘आमच्या विहिणीला असंच व्हायचं, तिचं थायरॉईड निघालं,’ असं म्हणायचं. विहिणीवर साहेबांचा भारी विश्वास. लगेच तपासणी लिहून देत आणि रिपोर्ट आला की म्हणत, ‘बघा, मला वाटलंच होतं.’ मानपत्रातलं अचूक निदान ते हे.

आमच्या मधुकररावांना, म्हणजे माझ्या यजमानांना, हे सोंग काही जमलं नाही. मूळचा काटोलचा, सरळ माणूस. कानशील ठणकायचं, घास चावताना जबडा दुखायचा. गेले आणि खरं ते बोलले, ‘साहेब, मोबाईलवर वाचून राहिलो होतो मी. हे नसेचं दुखणं असू शकते, डोळा जाते म्हणे. मले तपासून देता का?’

साहेब खुर्चीतून उठले. ‘या, तुम्हीच बसा इथं,’ म्हणाले. बाहेर बसलेली मंडळी खो-खो हसली. मग दाताच्या डॉक्टरला दाखवा म्हणून आम्हाला वाटेला लावलं. आठवड्याच्या आत यांचा उजवा डोळा गेला. मोठ्या इस्पितळात म्हणाले, औषध वेळेवर सुरू झालं असतं तर बहुतेक वाचला असता. मला तेव्हा राग आला होता. आजही आहे, आणि सत्कारापुरता तो घरी ठेवून येणं मला जमलं नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही अधिकउणं निघालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आता हार. संघाच्या रिवाजाप्रमाणे तो सगळ्यात वडील सभासदाने घालायचा, म्हणजे मधुकररावांनी. मी नको म्हटलं होतं, पण ते म्हणाले, रिवाज म्हणजे रिवाज. साहेब, जरा त्यांच्या डाव्या हाताला उभे राहा. उजवीकडून तुम्ही त्यांना दिसणार नाही.